मागे कोण बघतंय

पहिल्या आठवड्यात ड्रायव्हर एक्केचाळीस वेळा मेला, आणि एक्केचाळीसही वेळा पाठीत गोळ्या लागून. बायको कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला रेघा ओढत होती. पाच रेघांचा एक गठ्ठा, असे आठ गठ्ठे झाले आणि वर एक सुटी रेघ.

"एकदा तरी समोरून मरा," ती म्हणाली. "मारणाऱ्याला चेहरा तरी दिसेल."

हे सगळं घडत होतं मुलीच्या खोलीत. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला गेली तेव्हा तिचा मोठा कॉम्प्युटर आणि विमान उडवायची काठी तिथेच टेबलावर राहिली. बायको रोज त्यावरची धूळ पुसायची. एक दिवस पुसता पुसता तिने तो चालू केला, आणि दीड वर्षात ती इंटरनेटवरच्या एका क्लबात जाऊन बसली. खेळ लढाऊ विमानांचा, जुन्या काळच्या, नाकावर पंखा असलेल्या. दहा-बारा माणसं आपापल्या घरी बसायची, पण आकाश सगळ्यांचं एकच. कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलायची आणि एकमेकांना पाडायची. तिथे तिचं नाव होतं कंडक्टर, कारण आयुष्यभर ती तेच होती.

ती कंडक्टर आणि तो ड्रायव्हर, एकाच बसवर, सव्वीस वर्षं. डेपोत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारली नाही. निवृत्त झाल्यावरही ती नावं घरी आली आणि तिथेच राहिली.

ड्रायव्हरला विमानांचं काही वेड नव्हतं. दुपारी बायको खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची, तो बाहेर पेपर वाचायचा, आणि आतून तिचं हसणं ऐकू यायचं. कोण हसवतंय, हे बघायला तो एकदा आत गेला. हेडफोन तिने कानावरून सरकवलेला होता आणि त्यातून एका पुरुषाचा आवाज येत होता. मऊ, घाई नसलेला. तो क्लबातला डेंटिस्ट निघाला. 'जरा तोंड उघडा, अजिबात दुखणार नाही,' असं दिवसभर म्हणून म्हणून आवाजाला तशी सवयच लागून गेली होती त्याच्या. तिने विमान कसं वळवलं, किती छान वळवलं, हे तो सांगत होता.

त्या दिवशी जेवताना ड्रायव्हरने सहज विचारल्यासारखं विचारलं, की हा दातवाला रोज असतो का.

"रविवारी. दवाखाना बंद असतो ना. फार चांगला उडवतो हो."

"तुझं फार कौतुक करत होता."

"तो मला ताई म्हणतो."

"सुरुवात तशीच होते," ड्रायव्हर म्हणाला, आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

पुढच्या महिन्यात क्लबाचा सामना होता, दुसऱ्या एका क्लबाशी, आठ जोड्यांचा. जोडी म्हणजे दोन विमानं. पुढचं लीडरचं. त्याच्या मागे, थोडं बाजूला, विंगमन. लीडरने लढायचं, विंगमनने त्याची पाठ राखायची. आणि बायकोच्या जोडीला डेंटिस्टला घालायचं घाटत होतं. हे कळल्यावर ड्रायव्हरने दुसरा कॉम्प्युटर आणला, काठी आणली, आणि पहिल्या टेबलाला काटकोनात दुसरं टेबल लावलं. कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. फक्त क्लबच्या प्रमुखाला सांगून ठेवलं की माझ्या जोडीचं इतक्यात पक्कं करू नका.

या प्रमुखाला सगळे हेडमास्तर म्हणायचे. माणूस बेकरीत भट्टीवर होता. पहाटे तीनला कामाला लागायचा, दुपारी झोपायचा आणि चार वाजता ताजातवाना होऊन लोकांना रागवायला बसायचा. त्याने अट घातली. नवऱ्याला जोडीत घ्यायचं तर दोघांनी परीक्षा द्यायची. आपल्या धावपट्टीवरून उडायचं, नदीवरच्या पुलाला वळसा घालून परत यायचं. वाटेत तो स्वतः आणि डेंटिस्ट त्यांच्यावर तुटून पडणार. दोघांतलं निदान एक विमान परत धावपट्टीवर आलं की पास. जो पडेल त्याने त्या क्षणापासून गप्प बसायचं, कारण मेलेला माणूस बोलत नाही. तुम्ही एकाच खोलीत बसता, हेडमास्तर म्हणाला, मला काही दिसणार नाही, तेव्हा तुमच्या प्रामाणिकपणावर सोडतो. कंडक्टरला याचा जरा रागच आला. सख्खा भाऊ बसमध्ये चढला तेव्हा त्यालाही तिने तिकीट काढायला लावलं होतं.

तीन रविवार, तीन संधी. तिन्ही गेल्या तर डेंटिस्ट.

तर आधी शिकणं आलं. बायको शिकवायला बसली ती थेट डेपोच्या भाषेत. उंची म्हणजे काय, तर चढाच्या माथ्यावर उभी असलेली बस. खाली सोडली की वेग फुकट मिळतो. पायथ्याशी उभ्या असलेल्या बसला काही मिळत नाही. म्हणून आधी वर जायचं, मग भांडायचं. दुसरं, चपळ विमानाबरोबर गोल गोल फिरत बसायचं नाही. प्रत्येक जोरकस वळणात वेग सांडतो. वरून यायचं, गोळ्या झाडायच्या, लागल्या तर लागल्या, तसंच पुन्हा वर निघून जायचं. तिसरं, सूर्य पाठीशी ठेवायचा, म्हणजे समोरच्याला आपण दिसत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर दहा आकड्यांनी मागे बघायचं. त्यासाठी काठीवर अंगठ्याखाली एक बटण होतं. ते दाबलं की पडद्यावर पाठीमागचं आकाश दिसे.

बाकी सगळं त्याला जमलं. वळणं इतकी गुळगुळीत घ्यायचा की डेंटिस्टनेसुद्धा विचारलं, हे कुठे शिकलात. उभ्या माणसांनी भरलेली बस सव्वीस वर्षं वळवली की येतं तसं. पण ते बटण काही त्याचा अंगठा दाबेना. दहाच काय, शंभर आकडे झाले तरी याची नजर आपली समोर. मग पाठीत टकटकटक, पडदा लाल, कॅलेंडरवर रेघ.

का होतंय हे तिच्याच लक्षात आलं. बसच्या आरशात बाजूचं दिसतं, बरोबर पाठीमागचं दिसत नाही, आणि गर्दीत तर मागची काच माणसांनी भरलेली. तेव्हा मागचं सगळं तिच्याकडे होतं. कोण अजून चढतंय, कुणाची पिशवी दारात अडकली, बस मागे घेताना खांब किती हातांवर राहिला, हे तिने बघायचं आणि त्याने ऐकायचं. सव्वीस वर्षांत त्याने एकदाही मान वळवली नव्हती. गरजच पडली नाही.

"तुम्हाला मागे काही असतं हेच माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे की. तू असतेस."

तिने त्याला आणखी दोनदा उडायला लावलं. दोन रेघा वाढल्या.

पहिल्या रविवारी ती लीडर, तो विंगमन. ती वर चढली, तोही चढला. पूल दिसायला लागला, आणि तिच्या पाठीवर डोळे लावून बसलेल्या ड्रायव्हरला हेडमास्तरने ढगातून येऊन असं टिपलं की त्याला आपण मेलो हेच कळायला वेळ लागला. मग दोघांनी मिळून तिला घेरलं. चार मिनिटं ती लढली. ड्रायव्हर शेजारी बसून बघत होता आणि विंगमनचं काम काय असतं ते त्याला तेव्हा नीट कळलं.

आठवडाभर त्याने तयारी केली. चहाला गेला तरी दहा मोजून मागे बघायचा. भाजीच्या दुकानात रांगेत उभा असताना इतक्या वेळा मागे वळला की मागच्या बाईने विचारलं, माझं काही चुकलं का. बायकोने सांगितलं, नाही हो, त्यांची परीक्षा आहे.

दुसऱ्या रविवारी तो खरोखर मागे बघत होता. डोळ्यात तेल घालून. हेडमास्तर दिसला, ड्रायव्हरने ओरडून सांगितलं, दोघं बाजूला झाली, हेडमास्तर हात हलवत निघून गेला. डेंटिस्ट दिसला, तोही चुकवला. पूल ओलांडला. ड्रायव्हर खूश होता. आता फक्त परत जायचं, असं तो म्हणतोय तोच त्यांची दोन्ही विमानं, एकाच्या मागे एक, नदीकाठच्या टेकडीवर जाऊन आपटली.

हेडफोनमधून हेडमास्तरचा आवाज आला. तुम्हाला कुणी मारलं, असं तो विचारत होता.

"पुढे कोण बघत होतं?" ड्रायव्हरने बायकोला विचारलं.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी मागे बघत होते," ती म्हणाली.

"मीपण."

"मग पुढे?"

पुढे कुणीच बघत नव्हतं. दीड वर्षात ती सात वेळा त्या टेकडीवर आपटली होती, हे तिने तेव्हा कबूल केलं. क्लबात तिचा दबदबा होता तो एवढ्यासाठीच की तिच्या पाठीवर कधी कुणी येऊ शकला नव्हता. डोंगर, झाडं, कारखान्यांची धुराडी यांची मात्र तिला सवय नव्हती. रस्त्यात काय आहे ते बघायला नेहमी दुसरं कुणीतरी असे.

संध्याकाळी ती भांडी घासत होती आणि तो पुसत होता. ताटं झाली, वाट्या झाल्या. एका पातेल्यापाशी दोघांचेही हात थांबले, आणि दोघंही एकदमच बोलायला लागले. तू आधी, नाही तुम्ही आधी, असं झालं. शेवटी काही सांगायची गरज राहिली नाही.

ड्रायव्हरने पुढे आणि कंडक्टरने मागे उडायचं, हे हेडमास्तरला पटेना. चांगला उडवणारा पुढे असतो, नवखा मागे, हा त्याचा नियम. नवख्याला लीडर करायचं म्हणजे काय. दोनदा नापास झालात, तिसऱ्यांदा तरी नीट उडा. त्याचं सगळं बोलणं तिने ऐकून घेतलं.

"पुढे जो असतो तोच हुशार, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "सव्वीस वर्षं बस मी चालवली. हे फक्त स्टिअरिंगवर बसायचे."

हेडमास्तर बेकरीवाला होता, त्याने जास्त वाद घातला नाही. त्याच्या बेकरीतही बहुतेक असंच असावं.

तिसरा रविवार. बरोबर चारला ड्रायव्हर लीडर म्हणून उडाला आणि त्याच्या डाव्या अंगाला, जरा मागे, कंडक्टर. पहिली आठ मिनिटं तो नुसता चढत राहिला. इतर नवखे इतका वेळ चढत नाहीत, त्यांना भांडायची घाई असते. चढावर धीर कसा धरायचा ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. आणि कानात तिचं बोलणं चालू होतं. मागे काही नाही. मागे काही नाही. उजवीकडे एक पक्षी वाटतोय, नाही, डाग आहे पडद्यावर, मघाशी पुसायला हवा होता. मागे काही नाही. त्याची नजर समोर होती. त्याला टेकडी तीन किलोमीटरवरून दिसली, आणि त्याने इतक्या हलक्या हाताने वळसा घातला की वेग जराही सांडला नाही.

पुलावर ती म्हणाली, "आला. मागे, वर, उन्हातून. हेडमास्तर."

"काय करू?"

"तुम्ही चला. मी बघते."

ती वळली. हेडमास्तर जोरात येत होता आणि ही समोरून तोंडावर येईल असं त्याला वाटलं नव्हतं. काय झालं ते ड्रायव्हरला दिसलं नाही, फक्त हेडमास्तरने बेकरीत घालतात तशी एक शिवी घातली आणि मग तो नियमाप्रमाणे गप्प झाला. ड्रायव्हर मोठ्याने हसला. पण लढताना ती खाली गेली होती, तिचा वेग संपला होता, आणि डेंटिस्ट वर वाट बघत थांबलेला होता.

"अहो, मी..." ती म्हणाली, आणि तिचा पडदा लाल झाला.

ड्रायव्हरचे हात काठीवर तसेच राहिले. समोर आकाश मोकळं होतं. धावपट्टी अजून बरीच लांब होती.

"मागे काय आहे गं?" त्याने विचारलं.

उत्तर आलं नाही. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला होता. पडल्यावर खेळ जोडीदाराचं विमान दाखवतो, त्यामुळे तिच्या पडद्यावर आता त्याचंच विमान दिसत होतं, त्याच्या मागचंही सगळं तिला दिसत होतं. तिच्या डोळ्यांवरून कळेल म्हणून की काय, तिने डोळेही मिटून घेतले.

तेव्हा त्याने अंगठा हलवला.

मागे डेंटिस्ट होता. चांगला जवळ, वरून खाली येत, आणि भयंकर वेगात. पण असा माणूस त्याने आयुष्यात हजारदा पाहिला होता. रिकामा ट्रक घेऊन हॉर्न दाबत येणारा. त्याच्याशी शर्यत लावायची नसते आणि त्याला अडवायचंही नसतं. ड्रायव्हरने वेग एकदम कमी केला आणि विमान बाजूला असं सारलं, जसं रस्त्याच्या कडेला घ्यावं. डेंटिस्टच्या गोळ्या रिकाम्या हवेतून गेल्या आणि त्यांच्या मागोमाग डेंटिस्टही पुढे निघून गेला. थांबणं त्याच्या हातात नव्हतं.

तो आता ड्रायव्हरच्या अगदी समोर होता. दाताच्या डॉक्टरची अख्खी पाठ, हातभर अंतरावर असावी तशी. महिनाभर ड्रायव्हरने याच दृश्याची स्वप्नं पाहिली होती. बोट बंदुकीच्या बटणावर गेलं. मग त्याला वाटलं, हा पडला काय आणि न पडला काय, मला घरी जायचंय. त्याने नाक खाली केलं आणि साठवून ठेवलेली सगळी उंची वेगात ओतली.

डेंटिस्टला वळायला वेळ लागला, आणि वळण घेताना त्याचा वेग सांडला. ड्रायव्हर मोठ्याने मोजत होता. आठ, नऊ, दहा, मागे बघ. लांब आहे. आठ, नऊ, दहा, मागे बघ. अजून लांब आहे. शेजारी बायकोने एक डोळा उघडला होता. सव्वीस वर्षांत जे त्याने केलं नव्हतं ते तो दर दहा आकड्यांनी करत होता, तिने न सांगता, आणि तिला हसू येत होतं की रडू ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

धावपट्टी दिसली. तो तिच्या रेषेत आला. वेग कमी केला, नाक जरासं वर धरलं, सगळं जसं हवं तसं. तेवढ्यात बायकोचे दोन्ही डोळे सताड उघडले. ती खुर्चीतून अर्धी उठली. तळहात तोंडावर तसाच, दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरलेली, आणि घशातून कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा आवाज. ड्रायव्हरने तिकडे बघितलंच नाही. उतरताना पुढे बघायचं असतं. विमान खाली आलं, आणखी खाली आलं, आणि पोटावर आपटून ठिणग्या उडवत अर्धी धावपट्टी घसरत जाऊन आडवं थांबलं.

तो शिकला होता ते विमान सरावाचं, त्याची चाकं कायम खाली. परीक्षेचं विमान लढाऊ, उडाल्यावर त्याची चाकं पोटात घ्यायची असतात आणि उतरताना काढायची असतात. घेताना त्याला तिने सांगितलं होतं.

"चाकं," ती म्हणाली. तोंडावरचा हात आत्ता निघाला होता. "अहो, चाकं."

"बसची चाकं कधी वर गेली होती का?" ड्रायव्हर म्हणाला.

हेडमास्तर आता बोलू लागला. त्याच्या मते हे काही धड उतरणं नव्हतं. पंखा वाकलाय, पोट फाटलंय, असं विमान परत आलं म्हणायचं का. बायको काही म्हणायला गेली तर त्याने तिला गप्प केलं, तुम्ही त्यांच्याच बाजूने बोलणार. मग त्याने डेंटिस्टला विचारलं. बायकोच्या जोडीला कोण राहणार ते आता त्याच्यावर आलं होतं, आणि ड्रायव्हरने खुर्चीचे हात घट्ट धरले.

डेंटिस्टने नेहमीसारखा वेळ घेतला. "कुणाचा दात हलत असला," तो त्या मऊ आवाजात म्हणाला, "तरी तोंडात आहे तोवर मी तो दातच धरतो. हे धावपट्टीवर आहेत. जिवंत आहेत. पास." आणि मग म्हणाला, की ताई, यांनी मला जे पुढे जाऊ दिलं ना, ते मला एकदा शिकवायला सांगा.

हेडमास्तरने कुरकुर करत यादीत नावं लिहिली. लीडर ड्रायव्हर, विंगमन कंडक्टर. सामन्यात चाकं काढायची आठवण करण्याची जबाबदारी कंडक्टरची, असंही त्याने पुढे लिहिलं, आणि निघून गेला.

खोलीत दोघंच राहिली. बायकोने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. हसून हसून तिचे डोळे भरले होते आणि चष्मा कपाळावर गेला होता.

"पडल्यापासून किती वेळ गप्प होतीस?" ड्रायव्हरने विचारलं.

"साडेपाच मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदा. किती काय काय बोलायचं होतं."

"मग बोल आता."

तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि सुरुवात केली. पूल ओलांडताना तो जरा जास्तच खाली आला होता तिथपासून. हेडमास्तर कसा दिसला, समोरून जाताना तिला किती भीती वाटली, डेंटिस्ट वर आहे हे कळूनही ती का पळाली नाही. त्याने मागे बघायला किती उशीर लावला, आणि मग बघितलं तेव्हा तिला आतून कसं झालं. मोजताना तो एकदा सातवरून एकदम दहावर गेला तेसुद्धा तिने ऐकलं होतं. चाकांचं तर तिने तीनदा सांगितलं. खिडकीबाहेर दोरीवरचे कपडे वाळले, कुणी काढले नाहीत. जेवायची वेळ झाली तरी ती बोलतच होती, आणि ड्रायव्हर ऐकत होता. त्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.